नववी ओळ

अक्रा, ३ फेब्रुवारी

चि. सोवा,

मोठ्या सभागृहाची मोझॅकची फरशी, तीनशे चाळीस चौरस मीटर, मधोमध पितळी पट्ट्यांत बसवलेला आपल्या खंडाचा नकाशा. त्या नकाशातली सगळी बेटं, आराखड्यात विसरलेलं साओ टोमेसुद्धा. झेंड्यांच्या चौदा खांबांचे चौथरे, सगळे एका दोरीत. मौनाच्या खोलीतलं दगडी भांडं, ज्यात पाणी काठोकाठ भरलं तरी कुठल्याच बाजूने सांडत नाही. बागेतले सहा बाक. वाचनालयाच्या दारावरची कोरी पाटी, नाव अजून ठरायचं आहे. आणि आता भिंत.

हे सगळं टेकडीवरच्या सुरक्षा-अभ्यास केंद्रात तुझ्या बापाने हाताने केलं. तू गेलास तेव्हा यातली फक्त फरशी झाली होती, आणि तिची निम्मी घोटाई तुझी होती. तू म्हणशील, म्हाताऱ्याने चार वर्षांनी बढाया मारायला पत्र लिहिलं. असू दे. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस. पत्र निदान उघडावं लागतं. हे मी टेमा बंदरातून नामिबियात वॉल्विस बेला जाणाऱ्या ट्रॉलरवरच्या आचाऱ्याकडे दिलं आहे. तुझ्या मासळीच्या कारखान्याचं नाव त्याला ठाऊक आहे.

भिंत म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या चार लाद्या. इथे पंधरा देशांचे लोक शांतिसेनेत जाण्याआधी सहा आठवडे शिकायला येतात, त्यातले जे परत आले नाहीत त्यांची नावं. आराखडा आणणारा पोरगा शाळेत शिकलेला आर्किटेक्ट आहे, बैदू नावाचा. म्हणाला, "मास्टर, अक्षरं मशीनने खोदू, दोन दिवसांत काम." मी त्याला बाहेर नेलं, समुद्राकडे तोंड करून उभं केलं आणि म्हटलं, "ओठ चाट." त्याने चाटले. "खारट लागलं ना? मशीनने खोदलेला तळ सपाट असतो. त्यात हे मीठ बसतं. छिन्नीने दोन्ही बाजूंनी उतार देऊन कोरलं की पाणी मीठ घेऊन खाली जातं. तुझी अक्षरं वीस वर्षं टिकतील. माझी, कोणी मोजणारा उरेल तोवर." त्याने वहीत लिहून घेतलं. मला कुणी वहीत लिहून घ्यायला शिकवलं नव्हतं. मी अक्षरं उचलली ती दुधाच्या डब्यांवरून आणि जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरस्तानातून, दगडावर कागद ठेवून, कोळसा घासून.

एक गंमत सांगतो. चार नंबरचा बाक एका परदेशी प्राध्यापकाच्या नावाचा. कार्यालयातून मजकूर आला, अमुक यांच्या स्मरणार्थ. मी विचारलं, गेले का ते? कार्यालय म्हणालं, तुम्ही कोरा. मी कोरलं. नोव्हेंबरात ते प्राध्यापक स्वतः काठी टेकत आले. पाटी वाचली, बाकावर बसले, हाताने दगड चाचपला आणि मला म्हणाले, "जरा घाई झाली, पण बसायला छान आहे." सगळे हसले. मीही हसलो. मग तो एक शब्द काढायला मला चार दिवस लागले. दगडातलं अक्षर खोडता येत नाही, त्याच्या खोलीइतका सगळा दगड खाली न्यावा लागतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

नावांची यादी आली आहे. तेवीस नावं. अजून नीट वाचली नाही.

आपल्या धाकट्या मार्तेला जाऊन चौदा महिने होतील. तुझी आई बरी आहे. रविवारी चर्चमधून उशिरा येते. तिच्याकडे कुणाचा तरी फोन असतो. मी विचारत नाही.

तुझा बाप,
क्वेई अफोटे


अक्रा, २१ मार्च

चि. सोवा,

यादी नीट वाचली नाही असं मी लिहिलं होतं. वाचली होती. पाकीट फोडून उभ्या उभ्या वाचली. नवव्या ओळीत तुझं नाव आहे.

यादी करणाऱ्याची चूक नाही. तुझा भाऊ तुझ्या शाळेच्या दाखल्यावर पलटणीत भरती झाला, साडेतीन वर्षं त्याने तुझ्या नावाने हजेरी दिली, आणि तुझ्याच नावाने तो त्या परक्या मुलखातल्या रस्त्यावर सुरुंगावर गेला. पेटीवर तुझं नाव होतं. तारेत तुझं नाव होतं. कागदाला कागद जुळतो.

इथे शिकायला आला होता तेव्हा मी व्हरांड्याची फरशी करत होतो. गुडघ्यांवर होतो, पट्टी ओढत होतो. आत वर्गात हजेरी चालली होती. "अफोटे, सोवा." माझी मान वर झाली. मला वाटलं, तू आलास. दुसऱ्या रांगेतून मार्ते उठला, म्हणाला, "हजर." माझ्याकडे बघितलंही नाही. दुपारी केंके आणि मासा घेऊन माझ्याजवळ बसला तेव्हा हळूच म्हणाला, "बाबा, नाव पुकारलं की मान वर करत जाऊ नकोस. लोकांना कळेल." मग माझ्या ताटातला मासा उचलून म्हणाला, "आणि दादाने आयुष्यात एकदा तरी इतक्या जोरात 'हजर' म्हटलं असतं का? मी त्याचं नाव वाढवतोय." असं बोलायचा तो.

काल मिसेस क्वायेंच्या कार्यालयात गेलो. केंद्राचे सगळे कागद त्यांच्या हातून जातात. चांगल्या बाई आहेत, आपल्याच लोकांतल्या. त्यांनी मला खुर्ची दिली.

"मास्टर, नववं नाव तुमच्या मुलाचं ना? जड जाणार असेल तर ती एक ओळ दुसऱ्या कुणाला देऊ."

"एका भिंतीवर दोन हात दिसतील, बाई. ते बरं नाही."

"मग तुम्हीच करणार?"

"क्रम बदलता येईल का?"

"क्रम मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहे. आणि तो बदलून काय होणार?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं मी रडेन. मी टेबलाची कड बघत होतो. ती गुण्यात नव्हती, काटकोन चुकला होता.

आता दाखल्याचं. तू जाताना अंगणात उभा राहून म्हणालास की मी चोरला. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. मार्ते दोनदा नापास झाला होता. रोज माझ्यामागे लागायचा, बाबा, बारा वर्षांचा असल्यापासून मला शिपाई व्हायचंय. तुझा दाखला ट्रंकेत पडून होता. तू माझ्याबरोबर कामाला होतास, हात बसला होता, तुला कागदाची गरज नव्हती. मला कधी पडली होती का? मी ट्रंक उघडली आणि दिला. अशा किती घरांत किती दाखले असे फिरले आहेत, तुला माहीत आहे. कुणी त्याला चोरी म्हणत नाही.

पुढच्या वर्षी तू कुठे अर्ज केलास आणि त्यांनी तुला, या दाखल्याचा माणूस आधीच पलटणीत आहे, असं सांगितलं, ते मला नंतर कळलं.

इंग्रजीत अकरा अक्षरं. माझ्या हाताला सव्वादोन दिवसांचं काम.

तुझा बाप


अक्रा, १७ मे

चि. सोवा,

पहिली आठ नावं झाली. दहाव्यापासून सतरापर्यंत झाली. नववी जागा सोडून पुढे गेलो आहे. लादी लादीने काम चाललंय म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही, फक्त ओको काकाच्या आलं. तो घोटाईला माझ्याबरोबर आहे. पाठ गेली त्याची, पण तोंड शाबूत आहे.

"क्वेई, तुला मोजता येतं ना अजून?"

"येतं."

"मग आठानंतर काय येतं?"

"तू तुझी घासणी चालव."

तो थोडा वेळ घासत राहिला. मग पाणी मारून दगड पुसला, त्यात स्वतःचं तोंड बघितलं. "हे बघ," म्हणाला, "आपण तरुण होतो तेव्हापासून मी तुझ्याबरोबर आहे. तू माझ्या बापाच्या थडग्यावर दीड दिवस फक्त टिंब कोरत बसला होतास. गावातल्या निम्म्या मेलेल्यांना तुझी अक्षरं आहेत. तुझ्या स्वतःच्या पोराच्या थडग्यावर पाटी का नाही, हे मी तुला विचारलं का? दीड वर्ष झालं, विचारलं का?"

"आता विचारतोयस."

"नाही. आता सांगतोय. दगडात जिवंत माणसाचं नाव घालू नकोस. तो मुलगा परमुलखात आहे, समुद्राच्या कामात आहे."

म्हणजे ओकोला ठाऊक आहे. मी कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी मार," आणि त्याने मारलं.

मार्तेच्या थडग्यावर पाटी नाही हे खरं आहे. पलटणीने द्यायला काढली होती, तुझ्या नावाची. तुझी आई म्हणाली, आमच्या घरात कोरणारा आहे, आम्ही बघू. ते लोक म्हणाले, अर्थात. तेव्हापासून तिथे नुसता सिमेंटचा ओटा आहे. मी कोपऱ्याला गोलाई दिली आहे, पाणी साचू नये म्हणून. त्याहून जास्त काही करता आलं नाही.

परवा ती जेवण घेऊन टेकडीवर आली. कधी येत नाही. डबा बाकावर ठेवला आणि सरळ भिंतीपाशी गेली. तिला वाचता येत नाही, पण माझी अक्षरं तिला येतात. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आली आणि रिकाम्या जागेवर बोट थांबलं.

"इथे कोण?" म्हणाली.

मी डबा उघडला.

"इथे सोवाला घालणार आहेस?"

"कागदावर तसं आहे."

"गेल्या वर्षी पलटणीची माणसं बघत होती म्हणून मी एका पोराला दुसऱ्याच्या नावाने रडले. तू सांगितलंस म्हणून. माझ्या तोंडात अजून ते नाव तसंच बसलंय. आता मी त्याला फोनवर सोवा म्हणून हाक मारते ना, तर मला रडायचा आवाज लागतो. तो विचारतो, मा, आवाज का बसलाय." मग ती म्हणाली, "मी त्याला घरी ये म्हटलं. काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मा, मी तिकडे मेलोय, आता येऊ कुणाच्या पायांनी?"

तर रविवारचा फोन तुझा असतो. मला वाटलंच होतं. बरं झालं.

तिने मला खायला लावलं, डबा घेतला आणि गेली. जाताना झेंड्याच्या चौथऱ्यावर हात ठेवून उभी राहिली, दम लागला होता. आता तिला टेकडी चढवत नाही. तुला हे कुणी सांगितलं नसेल.

तुझा बाप


अक्रा, होमोवोनंतरचा रविवार

चि. सोवा,

काल सण झाला. मक्याचं कपोकपोई तुझ्या आईने केलं, उंबऱ्यावर मी शिंपडलं, बाकी एका परातीत सगळ्यांनी हात घालून खाल्लं. तुझ्या जागेवर ओको बसला आणि तुझ्या वाट्याचंही खाल्लं.

आज पहाटेचं सांगायला हे पत्र आहे. तिकडे सणानंतरच्या पहाटे तुझ्याबरोबर रडायला कुणी आपल्याकडचं आहे का, मला माहीत नाही. इथे नेहमीसारखं, पाच वाजता पहिली बाई सुरू झाली, मग घराघरातून. ज्यांचं कुणी गेलं त्यांनी नाव घेऊन रडायचं, उजाडेपर्यंत, आणि मग तोंड धुऊन एकमेकांच्या दारी जाऊन आयुष्य मागायचं, वर्षाचं भांडण मिटवायचं. गेल्या वर्षी आपल्या आळीत पलटणीचे दोघं भाड्याने राहायचे. तुझी आई तुझ्या नावाने रडली.

आज ती अंगणात आली, डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "मार्ते." मोठ्याने नाही. मग मोठ्याने. "मार्ते, माझ्या दुसऱ्या, पाण्यात पाय घालायला घाबरणाऱ्या, माझ्या मार्ते." मी दारात होतो. आळीतलं सगळं रडणं थांबलं. इतकं थांबलं की लाटा ऐकू आल्या. मला वाटलं, संपलं. आता कुणीतरी विचारेल, बाई, तुझा कुठला गेला?

मग पलीकडच्या भिंतीमागून म्हाताऱ्या नाआ कोर्लेने सूर लावला. "मार्ते, क्वेईच्या दुसऱ्या." तिच्यामागे तिच्या सुना. मग खालच्या विहिरीकडच्या बायका. सगळी आळी मार्तेला रडली, सोवा. एकीनेही अडखळून विचारलं नाही.

उजाडल्यावर कोर्ले काठी टेकत आपल्या दारी आली. आयुष्य मागितलं, मी दिलं. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला कधी कळलं?"

"मास्टर, तुझ्या दोन्ही पोरांना नाव ठेवायला आठव्या दिवशी जमिनीवर ठेवलं, छपरावरून पाणी उडवलं, तेव्हा कोण उभं होतं? मी. तुमच्या घरात पहिला सोवा आणि दुसरा मार्ते, हे बायकांना माहीत नाही होय? कुठला गेला नि कुठला राहिला, ते मला पलटण सांगणार?"

"मग गेल्या वर्षी तुम्ही सोवा म्हणून का रडलात?"

"तू रडवलंस म्हणून. तुझा मान ठेवला. सबंध आळीने ठेवला." तिने माझ्या हाताकडे बघितलं. "दगडाचं एवढं कळतं तुला, आणि हे कळलं नाही."

दीड वर्ष मी समजत होतो की मी लपवतोय. अख्खी आळी मला लपवू देत होती.

ती गेल्यावर तुझी आई म्हणाली, "आज भांडण मिटवायचा दिवस. जा." मी विचारलं, कुणाकडे जाऊ, तो तर समुद्रापलीकडे आहे. तिने कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणून हे लिहायला बसलो, आणि जे लिहायला बसलो ते अजून लिहिलेलं नाही.

तुझा बाप


अक्रा, १९ सप्टेंबर

चि. सोवा,

ते आधी लिहितो.

मार्चमध्ये मी लिहिलं की तुझा दाखला ट्रंकेत पडून होता आणि तुला त्याची गरज नाही असं मला वाटलं. पडून नव्हता. तू तो ट्रंकेतून काढून तुझ्या चटईखाली ठेवला होतास, जहाजाच्या शाळेच्या अर्जाबरोबर. अर्ज भरलेला होता. मी वाचला. तुझं अक्षर सुंदर आहे, ते मी तुला कधी म्हटलं नाही. जन्मतारखेच्या खाली तू रेघ मारली होतीस, पट्टीशिवाय, आणि ती सरळ होती. मी तो अर्ज हातात धरून उभा होतो आणि मला एवढंच दिसत होतं की हा हात जाणार. सभागृहाची फरशी निम्मी व्हायची होती. पण फरशी हे निमित्त. तुझ्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, माझा स्वतःचा धरून.

अर्ज तिथेच ठेवला, दाखला काढला, आणि संध्याकाळी मार्तेला बोलावून दिला. तो म्हणाला, "बाबा, दादाला विचारलंस?" मी म्हटलं, विचारलं. त्याला मरेपर्यंत वाटत होतं की तू हो म्हणाला होतास. म्हणून तू गेलास तेव्हा तो इतका गोंधळला. तू त्यालाही चोर म्हणालास आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान वळवली. त्यानेही पुढे कधी विचारलं नाही.

एकाला जवळ ठेवायला दुसऱ्याला दिला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. तू तिला सांगितलंस तरी चालेल.

आता पुढचं, क्रमाने.

सण झाल्यावर सोमवारी मी केंद्राच्या प्रमुखांकडे गेलो. ब्रिगेडियर डोंकोर, निवृत्त. मिसेस क्वाये बाजूला होत्या. मी उभा राहून सांगितलं: नवव्या ओळीतला माणूस माझा धाकटा मुलगा मार्ते. सोवा माझा मोठा, तो जिवंत आहे, वॉल्विस बेला काम करतो. दाखला मी दिला. मुलांनी ठरवलं नव्हतं, मी ठरवलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. मला बसायला सांगितलं. वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतः माणसं गमावली आहेत, यादीतलं तिसरं नाव त्यांच्या हाताखालचं.

"मास्टर, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजू."

"मी सांगितलं, साहेब."

"अकरा देशांचे पाहुणे येणार आहेत. तुमचा मुलगा शूर होता. तो कुठल्या नावाने शूर होता याने काय फरक पडतो? नाव बदलायचं तर चौकशी लागेल, पलटण विचारेल, तुमच्या बाईंना दर महिन्याला मिळतं ते थांबेल, तुम्हाला कोर्टात उभं करतील."

"करू देत."

"आणि जिवंत माणसाचं नाव म्हणाल, तर त्या प्राध्यापकांचंही आहेच की बाकावर. त्यांना काही झालं?"

"बाक बसायला असतो, साहेब. ते येऊन बसले. ही भिंत वाचून माझ्या मुलाने कुठे बसायचं?"

मिसेस क्वाये खिडकीकडे वळल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शेवटी लिहीन.

तिथून निघून मी कोर्टाच्या कारकुनाकडे प्रतिज्ञापत्र केलं. माझा मोठा मुलगा सोवा अफोटे हयात आहे, त्याच्या नावाने मेलेला माझा धाकटा मुलगा मार्ते आहे, दोष माझा. कारकुनाने दोनदा विचारलं, आजोबा, नक्की का? सहीच्या जागी मी नाव लिहिलं, अंगठा नाही. एक प्रत पलटणीला, एक केंद्राला, एक या पाकिटात. तिच्यावर शिक्का आहे. ती दाखवून तुझ्या नावाचे कागद तिथे पुन्हा मिळतील की नाही मला माहीत नाही, पण दाखव.

पलटणीचं पत्र आलं आहे. चौकशी होईल, हजर राहायचं. महिन्याचं येणं या महिन्यापासून बंद. तुझी आई म्हणाली, "बरं झालं. तुझ्या नावाने खात होतो." ती पुन्हा मासे धुरवायला लागली आहे, कोर्लेच्या सुनेबरोबर. जाळापाशी बसते. मी चुलीचा ओटा उंच करून दिला, वाकावं लागू नये.

गेल्या शुक्रवारी भिंतीवरचं कापड काढलं. बावीस नावं आणि नववी ओळ कोरी. चौकशीचा निकाल लागेपर्यंत ती तशीच राहील, असं साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं. म्हणाले, एका नावाची खातरजमा चालू आहे. बैदूने मला बोलावलं नव्हतं, पण मी गेलो, इस्त्रीचा सदरा घालून मागे उभा राहिलो. कोरी जागा सगळ्यात जास्त घोटलेली आहे, कारण ओको दर वेळी तिथे येऊन थांबायचा. तिच्यात आकाश दिसतं. एक परदेशी बाई तिच्यासमोर बराच वेळ उभी होती, मग तिने आपलं फूल तिथेच ठेवलं. तिचं माणूस सोळाव्या ओळीत होतं, हे मला नंतर कळलं.

तुझ्या आईला ओकोने आणि मी हात धरून वर आणलं. ती चार नंबरच्या बाकावर बसली. आधी बसली आणि मग बघितलं कुणाचा बाक आहे. म्हणाली, "जिवंत माणसाचा ना हा? मग ठीक."

मला केंद्रातलं काम यापुढे नाही. पूर्वेकडची बाग दुसऱ्याला गेली. जाऊन बघून आलो, वाटेला उतार चुकीच्या बाजूला दिलाय. बैदूला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, पावसाळ्यात बघ.

ग्रॅनाइटचा एक तुकडा उरला होता, चाळीस बाय साठ. तो मी घरी आणला. मार्तेच्या ओट्यासाठी. नाव आखून ठेवलं आहे, खडूने. कोरलेलं नाही. चौकशीची वाट बघत नाही मी, ती मला अडवू शकत नाही. मला वाटतं, पहिली छिन्नी तुझी पडावी. तुझा हात तेव्हाच माझ्यापेक्षा सरळ होता. नाही आलास तर मी करेन, पुढच्या होमोवोच्या आधी. पण तोवर थांबतो.

दर रविवारी फोन कर. तिच्याशी बोल. मी बाहेर जाऊन बसतो.

तुझा बाप,
क्वेई अफोटे

ता. क. साहेब काय म्हणाले ते लिहायचं राहिलं. तुला ते कळावं, कारण पहिल्या वेळी तुझं नाव मी देऊन टाकलं तेव्हा कुणी बदल्यात काही देऊ केलं नव्हतं, मी ते नुसतंच दिलं. या वेळी देऊ केलं. नवव्या ओळीत सोवा अफोटे कोरायचं आणि गप्प राहायचं. वाचनालयाच्या कोऱ्या पाटीवरही तेच नाव. आणि पूर्वेकडच्या बागेचं सगळं काम माझं, बाक, वाट आणि कारंजं, निम्मे पैसे त्याच दिवशी हातात. मी नाही म्हटलं. सगळे मिळून चौसष्ट हजार पाचशे सेडी.